न विचारता दिलेली पुडी

भिवंडीत कामतघरच्या नाक्यावर चिंतामणीचं औषधांचं दुकान आहे. तिथे बसून गेली एकतीस वर्षं त्याने एकाच गोष्टीचा तोरा मिरवला, की आपण कोणाची लाज उघड्यावर आणत नाही. आणि तोरा म्हणजे भलताच. लग्नाच्या पंगतीत शेजारी अनोळखी माणूस बसला तरी पहिलं वाढप होईस्तोवर त्याला हे ऐकवून झालेलं असायचं.

होतं असं, की नाक्यावरच्या दुकानात गर्दी कायमची. लूमवाले, गोदामांतले हमाल, दिघाशीकडच्या गावांतून बाजाराला आलेली माणसं, सगळी एका काउंटरपुढे खांद्याला खांदा लावून उभी. त्यात कोणाला शौचाच्या जागेचं दुखणं असलं तर त्याने ते सांगायचं कसं? यावर चिंतामणीने एक तोडगा काढला होता. काउंटरच्या डाव्या टोकाला, वजनकाट्यापाशी, माणूस गप्प उभा राहिला की हा ओळखायचा. आत जाऊन एक मलमाची ट्यूब, पोट साफ होण्याची पावडर आणि चार गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा, लूमच्या वाया गेलेल्या सुताने बांधायचा आणि मुकाट्याने त्याच्या हातात ठेवायचा. काय होतंय, किती दिवस झाले, रक्त पडतं का, एक अक्षर विचारायचा नाही. डॉक्टर चड्डी सोडायला लावतो आणि हा तर नावसुद्धा विचारत नाही, म्हणून ते टोक भिवंडीभर माहीत झालं. पार निजामपुऱ्यातून लोक रिक्षा करून यायचे. तिथे काय मेडिकल नव्हतं? ढिगाने होती. पण तिथला पोरगा बवासीर का, म्हणून मोठ्याने विचारायचा.

बहुतेकांना मूळव्याधच असते हेही खरं. बारा बारा तास लूमपुढे उभं राहायचं, तिखट खायचं, पाणी प्यायला फुरसत नाही, मग दुसरं काय होणार? दहांतल्या नऊ जणांना पुडीने आराम पडायचा. उरलेल्या एकाचं पुढे काय होतं याचा विचार चिंतामणीने कधी केला नाही. तो परत आलाच तर परत पुडी द्यायची, संपला विषय.

जान्या हा असा परत परत येणारा. दिघाशीच्या पुढे डोंगराला टेकून एक पाडा आहे, तिथला. वय एक्केचाळीस, बायको वारलेली, एक मुलगी चंद्रा आणि धाकटा भाऊ नवशा. पावसाळ्यात लोकांच्या शेतावर लावणी आणि बाकीचं वर्ष गोदामात हमाली. चिंतामणीची ओळख त्याच्या आईपासूनची. धोंडूबाई दुकानाच्या पायरीवर रानभाज्या घेऊन बसायची, आणि पायरीचं भाडं म्हणून रोज एक जुडी काउंटरवर ठेवून जायची. पाड्यावरची ही माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात. जान्याही चिंतामणीला शेठ म्हणायचा आणि पुढे सरळ तू. चिंतामणीला त्याचं फार कौतुक होतं.

चौदा महिने जान्याने ती पुडी नेली. चौदा महिने! एवढ्या दिवसांत मूल जन्माला येऊन चालायला लागतं. शर्ट अंगावर ढगळ होत गेला, गोणी उचलताना धाप लागायला लागली, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. हे चिंतामणीला दिसलं नाही असं नाही बरं का. दिसलं, म्हणून तर त्याने आपणहून रक्तवाढीच्या गोळ्या पुडीत घालायला सुरुवात केली आणि किती माझं लक्ष, म्हणून बायकोला सांगितलंसुद्धा. रक्त जातंय कुठे हे बघायचं सोडून हा वरून भरत बसला. एकदा तर जान्या स्वतः बोलायला लागला होता, की शेठ, कधी चार दिवस बाहेरच होत नाही तर कधी दिवसातून सहा वेळा जायला लागतं. काउंटरला तेव्हा पाचसहा गिऱ्हाइकं होती, त्यांत दोन बायका. चिंतामणीने हाताने खूण करून त्याला गप्प केलं. कळलं, कळलं, म्हणाला, आणि पुडी पुढे सरकवली. त्याच्या मते त्याने जान्याची लाज राखली.

मग गेल्या ऑगस्टमधल्या एका दुपारी नवशाने भावाला मोटरसायकलवर पाठीशी गमछ्याने बांधून आणलं. सात दिवस शौचाला झालं नव्हतं, वारासुद्धा सरत नव्हता, दोन दिवस उलट्या चालू होत्या आणि पोट फुगून टणक झालं होतं. इस्पितळं वाटेवर होती, पण आणलं कुठे, तर चिंतामणीच्या दुकानात. डाव्या टोकाला. चिंतामणीने शर्ट वर करून पोट बघितलं. शटर ओढून त्याने जान्याला रिक्षात घातलं आणि थेट ठाण्याचं सरकारी रुग्णालय गाठलं. आणखी उशीर केला असता तर आतडं आतच फुटलं असतं, असं तिथल्या सर्जन बाई म्हणाल्या. नवशाने हे ऐकलं आणि सगळ्या वॉर्डात सांगत सुटला, की शेठने भावाला वाचवलं.

तर आता मुख्य गोष्ट. ऑपरेशनच्या आधी त्या डॉक्टर बाईंनी भराभर दोन प्रश्न विचारले होते. नवशा केसपेपरच्या रांगेत होता. जान्या स्ट्रेचरवर होता, त्याने उत्तर द्यायचं म्हणून चिंतामणीकडे बघितलं. शेठ शिकलेला, शेठ बोलेल.

"शौचातून रक्त किती दिवसांपासून पडतंय?"

"दीडदोन महिने," चिंतामणी म्हणाला.

"घरात रक्ताच्या नात्यात कोणाला असा आतड्याचा त्रास? कोणी अशा आजाराने गेलंय?"

"नाही."

बाईंनी लिहून घेतलं आणि त्या गेल्या. एवढंच. खोटं बोलायचं असं ठरवून तो बोलला नव्हता. पण चौदा महिने म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, की मग इतके दिवस औषध कोण देत होतं? तो प्रश्न चुकवायला जीभ आपणहून वळली. आणि दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणताना धोंडूबाई आठवली होती की नाही? हे त्याने नंतर स्वतःला हजारदा विचारलं. कधी वाटायचं, नंतर आठवली. कधी वाटायचं, छे, तेव्हाच आठवली होती.

जान्याच्या मोठ्या आतड्यात, डाव्या बाजूला खाली जिथे ते वळतं तिथे, गाठ वाढून वाट बंद झाली होती. गाठीसकट तेवढा तुकडा कापून काढला. पोट इतकं फुगलेलं असताना दोन टोकं लगेच जोडणं धोक्याचं, म्हणून वरचं टोक पोटाच्या कातडीतून बाहेर काढून त्यावर पिशवी लावली. शौच आता त्या पिशवीत. आठवड्याने तपासणीचा कागद आला, त्यात कॅन्सर होता आणि आजूबाजूच्या रसग्रंथींतल्या तीन ग्रंथींतही पोचला होता. यकृत आणि फुप्फुसं मात्र साफ होती. डॉक्टर बाईंनी दोघा भावांना आणि चिंतामणीला बसवून नीट सांगितलं. लगेच मरण नाही, घाबरू नका. गाठ गेली आहे, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी कुठे राहिल्या असतील म्हणून दर तीन आठवड्यांनी एक, अशा केमोच्या आठ सलाइन घ्यायच्या आणि मधल्या दिवसांत गोळ्या. मग सगळं ठीक असलं तर आतडं पुन्हा जोडता येईल, पिशवी जाईल. या औषधाने हातापायांना मुंग्या येतील. गार पाण्याला, लोखंडाला हात लावायचा नाही, विजेचा झटका बसल्यासारखं होईल.

नवशाने विचारलं, हे झालं कशानं? बाई म्हणाल्या, एकच कारण सांगता येत नाही. बहुतेक वेळा आतड्याच्या आतल्या अस्तराला एक बारीक मांसाचा कोंब फुटतो. तो दुखत नाही, खुपत नाही. त्याचा कॅन्सर व्हायला बऱ्याचदा पाचदहा वर्षंही लागतात, आणि तेवढ्यात कोणी दुर्बीण घालून बघितलं तर कोंब तिथल्या तिथे काढून टाकता येतो. कधी कधी रक्त पडतं, पण लोक मूळव्याध समजून मलम लावत बसतात. बाई हे काही चिंतामणीकडे बघून म्हणाल्या नाहीत. तरी त्याला मान वर करता आली नाही.

घरी आल्यावर त्याला धोंडूबाई लख्ख दिसायला लागली. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षभर ती महिन्याला दोन पुड्या न्यायची. पायरीवर बसल्या बसल्या एका हाताने पोट दाबून धरायची आणि भाजी निवडायची. बावन्न वर्षांची धड बाई, तिचं पोट एकाएकी फुगलं, ओकाऱ्या झाल्या आणि चार दिवसांत पाड्यावरच गेली. तेव्हा चिंतामणीने चुकचुकून दोन दिवस पायरीकडे बघितलं होतं आणि पायरी दुसरीला दिली होती. एकाच घरातली दोन माणसं, एकच दुखणं, आणि दोघांनाही त्यानेच वर्ष वर्ष पुड्या बांधून दिल्या होत्या.

मग सुरू झालं त्याचं प्रायश्चित्त. प्रत्येक सलाइनला दुकान बंद ठेवून हा जान्याबरोबर. फाइल याच्याकडे, गोळ्यांच्या वेळा याच्याकडे. पिशवी कशी काढायची, कोमट पाण्याने कातडी कशी पुसायची, नवी बरोबर मापाची कापून कशी चिकटवायची, हे तो नर्सकडून शिकला आणि चंद्राला शिकवलं. चंद्रा भिवंडीच्या कॉलेजात बारावीला, हुशार पोरगी, दोनदा बघून तिला जमलं. जान्या सुरुवातीला लाजला. माणसांत बसेना, वास येईल म्हणून जेवेना. चिंतामणीनेच त्याला समजावलं, की लाजायचं काही नाही, हगणं सगळ्यांनाच असतं, तुझं फक्त दार बदललंय. जान्या खूप दिवसांनी हसला. चिंतामणीही हसला आणि घरी येऊन जेवला नाही.

कारण पाड्यावर त्याचा जो मान व्हायला लागला होता, तो त्याला सोसेना. हा आला की खाट टाकायचे. कोरा चहा पहिला याला. थंडीत वालाच्या शेंगा आल्या तर पहिली टोपली कामतघरला, एकदा तर नवशा पाय बांधलेली कोंबडी काउंटरवर ठेवून गेला. जान्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, ह्या शेठनं मला मरू दिला न्हाय. चिंतामणी मूग गिळून बसायचा. वाटायचं, उठावं आणि ओरडून सांगावं. मग वाटायचं, आता सांगून आजारी माणसाचं मन कशाला मोडा, आधी बरा होऊ दे. भित्र्या माणसाला दया दाखवायला फार सुचतं.

बायको सुवर्णा शाळेत शिक्षिका. तिला त्याने दिवाळीनंतर एकदाचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तुम्ही जान्यासाठी जाता की स्वतःसाठी?" त्यावर तो चिडला, दोन दिवस अबोला धरला.

असंच रेटत गेलं असतं. पण फेब्रुवारीत, सहावी सलाइन झाल्यावर, एका संध्याकाळी नवशा दुकानात आला आणि काउंटरच्या डाव्या टोकाला गप्प उभा राहिला. चिंतामणीला वाटलं, भावाच्या गोळ्या न्यायला आला असेल. नवशाने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, ती पुडी दे.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा चिंतामणीने विचारलं, रक्त पडतं का? नवशा गडबडला, अन् मग त्याला हसू आलं. तू कधी विचारत न्हायस, म्हणाला. चिंतामणीने त्याचा दंड धरून त्याला मागे औषधांच्या खोक्यांपाशी नेलं आणि पुन्हा विचारलं. दसऱ्यापासून पडत होतं. रोज नाही, मधून मधून. वय छत्तीस. चिंतामणी म्हणाला, पुडी मिळणार नाही, उद्या माझ्याबरोबर ठाण्याला चल, दुर्बिणीने बघतील. नवशाचा चेहरा कडू झाला. भावाची पिशवी तो रोज बघत होता. तिथे गेलं की पोटाला भोक पाडतात, हेच त्याच्या डोक्यात बसलेलं.

"मला तसलं काय न्हाय. आमच्यात मूळव्याधच हाय, आईला पन व्हती. तूच दवा देत व्हतास ना तिला?" नवशा म्हणाला.

नवशा पुडीशिवाय गेला, पण समोरच्या मेडिकलमधून ट्यूब घेऊन गेला. चिंतामणीने उघड्या डोळ्यांनी बघितलं. पुढच्या पंधरा दिवसांत त्याने नाना उपाय करून पाहिले. सरकारी शिबिर आहे म्हणाला, फुकट तपासतात म्हणाला, चंद्राकडून निरोप धाडला. नवशा हो हो म्हणायचा आणि त्या दिवशी बरोबर शेतावर जायचा. त्याला हुकूम करेल असा माणूस एकच, थोरला भाऊ. आणि थोरल्या भावाला पटवायचं तर आईचं सांगावं लागणार. दुसरी वाट नव्हती. खोटं बोलून चिंतामणीने स्वतःची चामडी वाचवली होती, ते खोटं आता नवशाच्या जिवावर आलं होतं.

तरीसुद्धा बघा, आधी तो गेला डॉक्टर बाईंकडे. सातव्या सलाइनच्या दिवशी, जान्या आत खाटेवर असताना, त्याने बाईंना दारात गाठून सगळं सांगितलं. चौदा महिने, धोंडूबाई, नवशा, आणि आपण कोण ते. त्याला वाटलं बाई फाडून खातील. तशी त्याची तयारीही होती, उलट खाल्लं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त फाइल उघडली, ऑगस्टमधलं पान काढलं, त्यावर तिरकी रेघ मारली आणि नवीन लिहिलं. मग म्हणाल्या की आई बावन्नला आणि मुलगा एक्केचाळिसाला, म्हणजे हे घरात रक्तातून आलेलं असू शकतं. त्याची वेगळी तपासणी असते. भावाची दुर्बिणीने तपासणी ताबडतोब हवी, मुलीचं कधी करायचं ते नंतर ठरवू.

"हे मला सहा महिने आधी कळलं असतं, तर भावाला तेव्हाच बोलावलं असतं," बाई म्हणाल्या. "आता मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

दोन दिवसांनी चिंतामणी पाड्यावर गेला. दुपारची वेळ. जान्या पेंढ्याने शाकारलेल्या झापाच्या सावलीत बसून काट्याकुट्यांचं कुंपण बांधत होता. बोटं बधिर झाल्यामुळे गाठ बसली की नाही ते त्याला डोळ्यांनी बघावं लागत होतं. चंद्राने खाट टाकली. चिंतामणी खाटेवर बसला नाही, समोर जमिनीवर बसला. ते बघूनच जान्याने हातातलं काम खाली ठेवलं.

चिंतामणीने सांगायला सुरुवात केली ती पार पहिल्या पुडीपासून. मधे थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबला नाही. तुझं रक्त पडत होतं ते मला कळायला हवं होतं. तू सांगत होतास तेव्हा मी तुला गप्प केलं. पहिल्या दोन महिन्यांतच पाठवलं असतं तर कदाचित ती गाठ इतकी वाढली नसती, कदाचित पिशवी लागली नसती. ते मी केलं नाही. आणि डॉक्टरने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, स्वतःला वाचवायला. हे सगळं त्याने जमिनीकडे बघून सांगितलं. जान्या ऐकत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसता विचार करत असल्यासारखा दिसत होता. शेवटी चिंतामणी म्हणाला की हे घरात रक्तातून येतं, नवशालाही रक्त पडतंय, त्याला धाड. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

जान्याने चंद्राकडे एकदा बघितलं. मग त्याने विचारलं, "घरात कुनाकडून आला?"

चिंतामणीला वाटलं होतं की हे त्याला स्वतःला सांगावं लागणार नाही, जान्या आपोआप समजेल. तेवढंही सुख त्याच्या वाट्याला नव्हतं.

"तुझ्या आईला हेच असणार. तिलाही मीच वर्षभर पुड्या दिल्या."

चंद्रा दारात उभी होती, ती आत गेली. जान्या हातांचे पंजे मांडीवर उलटसुलट करून बघत राहिला. मग तो जे बोलला ते चिंतामणीच्या स्वप्नातही नव्हतं. धोंडूबाईचा सख्खा भाऊ रामू पाड्यावरचा भगत. आईचं पोट फुगलं तेव्हा रामूने दोन दिवस उतारे केले, आणि मग तोच म्हणाला होता की माझ्याच्याने होत नाही, इस्पितळात न्या. तोवर उशीर झाला होता. आई गेली. त्यानेच काहीतरी उलटंसुलटं केलं, असं या दोघा भावांनी धरलं, पाड्याने धरलं. भर पाड्यासमोर जान्याने मामाला आईचा खुनी म्हटलं होतं. नऊ वर्षं मामा पाड्याच्या टोकाला एकटा राहत होता. लग्नाला नाही, मयताला नाही, कोणी त्याच्याकडचं पाणी पीत नव्हतं. जान्याची बायको गेली तेव्हा तो लांब उभा राहून रडला होता, जान्याने जवळ येऊ दिलं नव्हतं.

"नऊ वर्सं," जान्या म्हणाला, "आन तू आमच्या खाटंवर बसत व्हतास."

चिंतामणीने त्याचे पाय धरायला हात पुढे केले. जान्याने पाय मागे घेतले. मग एक हात पोटावरच्या पिशवीला लावून तो उठला आणि पाड्याच्या टोकाकडे चालायला लागला. हळू चालत होता, पायांनाही मुंग्या होत्या. चंद्रा आतून धावत आली, बाबाच्या मागे जायला निघाली, मग वळली आणि चिंतामणीपुढे हात केला. फाइल दे, म्हणाली. त्याने पिशवीतून फाइल काढून दिली.

त्यानंतर तीन आठवडे पाड्यावरून कोणी आलं नाही. चिंतामणी दुकान उघडत होता, बंद करत होता. डाव्या टोकाला कोणी उभं राहिलं की त्याला आत नेऊन विचारायचा, रक्त पडतं का, किती दिवस झाले, वजन उतरलं का, घरात कोणाला होतं का, आणि डॉक्टरकडे जा म्हणायचा. निम्मे लोक तोंड वाकडं करून समोरच्या मेडिकलला जायचे. शेठ म्हातारा झाला, लई बोलायला लागला, असंही त्याच्या कानावर आलं. आठव्या सलाइनची तारीख त्याला पाठ होती. त्या दिवशी तो सकाळपासून कपडे करून बसला होता. कोणी बोलावलं नाही.

मग एका दुपारी चंद्रा आली. कॉलेजची बॅग पाठीला होती. काउंटरवरून दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली आणि मग आधीच पाठ करून ठेवल्यासारखं सांगायला लागली. काकाची दुर्बीण झाली. आदल्या दिवशी चार लिटर औषधाचं पाणी प्यायला लावलं, तो लई बोंबलला. आत दोन कोंब होते, तिथल्या तिथे तारेने कापून काढले. एक बिघडायच्या वाटेवर होता, अजून बिघडला नव्हता. पोटाला भोक पाडावं लागलं नाही. आता वर्षाने परत बघतील. तिचं स्वतःचं रक्त तपासायला घेतलंय, पण घाबरायचं नाही, असं डॉक्टर बाई बोलल्या.

चिंतामणीला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण डोळे भरले ते भरलेच. चंद्राने ते बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"बाबा बोलला, शेठला आठवणीनं सांग, त्याचा जीव टांगणीला लागला असंल," ती म्हणाली. "आन बोलला, आता पाड्यावर येऊ नको म्हनून पन सांग."

चिंतामणीने मान हलवली. बरोबरच होतं. तरी ती निघाली तेव्हा त्याला राहवेना, आठव्या सलाइनला बाबाबरोबर कोण गेलं होतं, एवढं त्याने विचारलं.

"बाबाचा रामू मामा," चंद्रा म्हणाली, आणि रस्ता ओलांडून रिक्षाच्या रांगेकडे गेली.